सुट्टी कोणाची, संशय कोणावर? : किशोर रहस्यकथेतील वर्गभेद

१

रहस्यकथा हा प्रश्न विचारणारा वाङ्मयप्रकार आहे. गुन्हा घडतो, तो कोणी केला असे विचारले जाते, आणि उत्तर मिळाले की कथा संपते. या घडणीचा विचार आपल्याकडे बहुधा रचनाकौशल्याच्या अंगाने झाला : धागेदोरे कसे पेरले, वाचकाला कोठे चकवले, उकल पटण्याजोगी झाली की नाही. हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु त्यांच्याही आधी येणारी एक सामाजिक पूर्वअट सहसा दुर्लक्षित राहते. प्रश्न विचारण्यासाठी अधिकार लागतो आणि शोध घेत हिंडण्यासाठी मोकळा वेळ लागतो. प्रौढांच्या रहस्यकथेत अधिकाराची सोय पोलिसाच्या गणवेशाने किंवा खाजगी गुप्तहेराच्या प्रतिष्ठेने होते आणि वेळ हा त्याच्या व्यवसायाचाच भाग असतो. किशोर नायकाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्याजवळ असते ती सुट्टी.

म्हणूनच किशोर रहस्यकथा आणि उन्हाळ्याची सुट्टी यांचे नाते केवळ सोयीचे मानून चालणार नाही. सुट्टी सर्वांना मिळत नाही. ज्या थंड हवेच्या किंवा समुद्रकाठच्या गावी एक मूल सुट्टी घालवायला येते, त्याच गावात दुसऱ्या मुलाचा कामाचा हंगाम नेमका त्याच वेळी सुरू होतो. एकाच्या विरंगुळ्यासाठी दुसऱ्याने घोडा धरायचा, सामान वाहायचे, बंगल्याची झाडलोट करायची, मासळी किंवा दूध दाराशी आणून द्यायचे. अशा गावात काही हरवले, तर शोध घेणारा कोण असेल आणि संशय कोणावर जाईल, हे कथा सुरू होण्यापूर्वीच बरेचसे ठरून गेलेले असते. ही वाटणी जी कथा डोळ्यांआड करते ती मनोरंजक ठरू शकते. जी कथा ही वाटणीच वाचकाला दाखवते ती साहित्याच्या प्रांतात पाऊल टाकते. प्रस्तुत लेखात काही परिचित कृतींच्या आधारे हे सूत्र तपासून पाहायचे आहे.

२

आधुनिक किशोर रहस्यकथेचा एक आद्य नमुना म्हणून एरिख केस्टनर यांच्या 'एमिल आणि गुप्तहेर' (१९२९) या जर्मन कादंबरीचा उल्लेख होतो. एमिलची आई विधवा आहे आणि केशभूषेची कामे करून घर चालवते. आजीसाठी तिने साठवलेले पैसे घेऊन एमिल बर्लिनला निघतो आणि आगगाडीत ते चोरीला जातात. एकूण रक्कम १४० मार्क. श्रीमंताच्या घरी ती नगण्य ठरली असती. येथे प्रत्येक मार्कामागे आईचे श्रम उभे आहेत. त्यामुळे चोराचा पाठलाग हा खेळ राहूनही त्याला खेळापलीकडचे वजन येते. चोर टोपी घातलेला, सभ्य दिसणारा प्रवासी आहे, आणि त्याला घेरणारी फौज ही रस्त्यावर खेळणारी मुले आहेत. संशयाची नेहमीची दिशा केस्टनर यांनी येथे उलटी केली, हे ध्यानात घ्यायला हवे.

पुढे इंग्रजीतून जगभर पसरलेली धाटणी मात्र निराळी होती. एनिड ब्लायटन यांच्या पाच मित्रांच्या मालिकेतील पहिले पुस्तक १९४२ साली आले. मुले सुट्टीसाठी समुद्रकाठी जातात, बेट सापडते, खजिना सापडतो. या पुस्तकात आल्फ नावाचा एक कोळ्याचा मुलगा आहे. जॉर्ज या मुलीला कुत्रा घरी ठेवण्यास मनाई असल्याने आल्फ तो सांभाळतो आणि त्याबद्दल ती आपल्या खाऊच्या पैशांतून त्याला मोबदला देते. खजिन्याच्या शोधात कुत्रा सामील होतो. त्याला सांभाळणारा आल्फ होत नाही. लेखिकेच्या मनात येथे काही दुष्टावा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. सुट्टीच्या गावातील मूळ रहिवासी हा त्या गावाच्या देखाव्याचा भाग असतो, ही समजूत इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती लेखिकेलाही जाणवत नाही आणि वाचकालाही.

भारतीय भाषांतील चांगली किशोर रहस्यकथाही या समजुतीपासून सर्वस्वी मुक्त नाही. सत्यजित राय यांच्या फेलूदाची पहिली कथा १९६५ साली 'संदेश' मासिकातून येऊ लागली आणि तिचे स्थळ आहे दार्जिलिंग. हवापालटाच्या गावी एका वृद्ध गृहस्थाला धमकीचे निनावी पत्र येते, आणि शोधाअंती उलगडा होतो तो शाळकरी वयातील एका जुन्या आकसाचा. कथा घोटीव आहे. तरीही गुन्हा, संशय आणि क्षमा ही तिन्ही भद्रलोकांच्या वर्तुळातच फिरतात. दार्जिलिंगच्या चढावर ओझी वाहणाऱ्यांना त्या गावात कोणते रहस्य दिसत असेल, हा प्रश्न कथेच्या कक्षेत येत नाही. राय यांनी निरपराध पहाडी माणसावर संशय ढकलला नाही, हे त्यांच्या सुसंस्कृत दृष्टीला धरूनच आहे. पण संशयातून वगळणे आणि कथेत सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

३

या पार्श्वभूमीवर बेंगळुरूशी जन्माचे नाते असलेल्या एका कृतीकडे वळणे उपयुक्त ठरेल. आर. के. नारायण यांना मालगुडी हे गाव सुचले ते १९३० च्या सप्टेंबरात, बेंगळुरू येथे; आजीने काढून दिलेल्या शुभदिवशी त्यांनी वही आणली आणि पहिले वाक्य लिहिले, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. त्या वेळचे बेंगळुरू एका नावाखाली नांदणारी दोन नगरे होती. एकीकडे जुनी पेट आणि म्हैसूर संस्थानाच्या अमलाखालील वस्ती, दुसरीकडे ब्रिटिशांच्या ताब्यातील छावणी, आणि मध्ये कब्बन पार्कचा हिरवा पट्टा. दोहोंचा कारभार १९४९ साली एक झाला. मालगुडी हे बेंगळुरूचे चित्र आहे असा दावा करण्याची गरज नाही. पण एकाच गावात हद्दी असतात आणि मुले त्या हद्दी अंगाने ओळखतात, ही जाण 'स्वामी अँड फ्रेंड्स' (१९३५) या कादंबरीत जागोजाग आहे.

ही रहस्यकथा नव्हे आणि मालगुडी हे थंड हवेचे ठिकाणही नव्हे. तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील उन्हाळी सुट्टीची प्रकरणे फार मोलाची आहेत. कारण ज्या वृत्तीतून किशोर गुप्तहेर जन्माला येतो ती वृत्तीच नारायण यांनी तेथे तपासली आहे. राजम हा पोलिस सुपरिंटेंडेंटचा मुलगा. लॉली एक्स्टेन्शनमध्ये राहणारा, सुरेख कपडे आणि सफाईदार इंग्रजी असलेला. स्वामी मध्यमवर्गीय वकिलाचा मुलगा. सोबत दांडगा मणी. हे तिघे रिकामपणी रस्त्यावर एका खेडुताच्या पोराची बैलगाडी अडवतात. आपण सरकारी पोलिस आहोत असे सांगतात, त्याची झडती घेतल्यासारखे करतात, त्याला घाबरवतात, आणि मग परवानगीची चिठ्ठी देऊन सोडून देतात. गाडीवान त्यांच्यासारखेच पोर आहे. फरक इतकाच की त्या दुपारी त्याला काम आहे आणि यांना सुट्टी आहे.

प्रसंग विनोदी आहे आणि वाचक हसतो. परंतु हसता हसता त्याच्या ध्यानात येते की 'पोलिस-पोलिस' हा खेळ खेळायला समोर खरा भिणारा माणूस लागतो. तो माणूस या मुलांना कोठून मिळाला, याचे उत्तर समाजरचनेत आहे. राजमला चौकशीचा अधिकार बापाच्या खुर्चीवरून मिळालेला आहे आणि स्वामीला तो राजमच्या मैत्रीतून उसना मिळतो.

याच सुट्टीत दुसरा प्रसंग घडतो. स्वामीला खेळायला चाक हवे असते. एक घोडागाडीवाला ते मिळवून देण्याच्या थापा मारून त्याचे पैसे लाटतो. हा खराखुरा गुन्हा आहे आणि गुन्हेगारही ठाऊक आहे. राजम योजना आखतो : गाडीवाल्याच्या मुलाला पळवून ओलीस ठेवायचे. त्यासाठी मित्र गाडीवाल्याच्या वस्तीत जातात. किशोर साहसकथेच्या नियमाप्रमाणे येथे चातुर्याचा विजय व्हायला हवा. होते ते उलट. ते पोर यांच्या कटाला बधत नाही. उलट यांचाच भोवरा घेऊन पसार होते, आणि वस्तीतील लोक या सभ्य घरच्या मुलांच्या अंगावर कुत्री सोडतात. ज्या हद्दीत राजमच्या वडिलांच्या पदाला अर्थ आहे ती हद्द ओलांडताच गुप्तहेराचा अधिकार गळून पडतो. गाडीवाल्याची लबाडी लेखक झाकत नाही. गरीब म्हणून त्याला सद्गुणी ठरवत नाही. तरी ज्याच्यावर संशय आहे त्यालाही घर असते, शेजार असतो आणि त्याच्या बाजूने उभे राहणारी माणसे असतात, हे तो दाखवून देतो. एवढे साधे सत्य बहुतेक किशोर रहस्यकथांच्या हाती लागत नाही.

४

मालगुडीतील मुले आपल्याच गावात सुट्टी घालवतात. पाहुणे आणि रहिवासी असा उघड भेद जेथे आहे, अशा सुट्टीच्या गावाकडे आता येऊ. त्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. अनिता देसाई यांची 'द व्हिलेज बाय द सी' (१९८२) ही कादंबरी अलिबागजवळच्या थळ या गावी घडते. तिला १९८३ साली 'गार्डियन'चे बालसाहित्याचे पारितोषिक मिळाले. थळ हे खरे गाव असल्याचे लेखिकेने आरंभीच नमूद केले आहे.

तेरा वर्षांची लीला आणि बारा वर्षांचा हरी ही यातील भावंडे. आई अंथरुणाला खिळलेली, वडील दारूत बुडालेले, धाकट्या दोन बहिणी. गावात 'मों रेपो' नावाचा एक बंगला आहे आणि मुंबईचे डिसिल्वा कुटुंब सुट्टीला तेथे येते. बंगल्याचे फ्रेंच नाव 'माझी विश्रांती' असे सांगते. ती विश्रांती कोणाची, हे सांगण्याची लेखिकेला गरज पडत नाही. बंगल्याची मोटार आली की लीला आणि हरी यांच्या हाताला काम मिळते. पाहुण्यांची सुट्टी हाच त्यांचा रोजगार.

रूढ अर्थाने हीदेखील रहस्यकथा नाही. मात्र तिच्यात रहस्यकथेची सामग्री आहे, आणि त्या सामग्रीचे लेखिकेने काय केले हे पाहण्यासारखे आहे. घरचा कुत्रा पिंटो मारला जातो. ब्लायटन यांच्या जगात यावर एक अख्खे पुस्तक उभे राहिले असते : पावलांचे ठसे, विषाची पुडी, रात्रीचा पहारा. थळमधल्या त्या झोपडीत असा शोध निघत नाही. वडिलांच्या दारूच्या आणि उधारीच्या दुनियेतूनच हे आले असणार, हे मुलांना कळते आणि कळूनही काही करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी भरायचे आहे, आईला औषध हवे आहे. रहस्याचा अभाव हेच येथे दारिद्र्याचे लक्षण होऊन बसते. ज्यांना गुन्हेगार ठाऊक असतो पण न्याय मागायला दार नसते, त्यांच्या आयुष्यात 'कोणी केले?' हा प्रश्न चैनीचा ठरतो.

हरीपुढे असलेले कोडे निराळे आहे. गावात खताचा कारखाना येणार अशी वार्ता आहे. तो कोण आणतो आहे, जमीन कोणाची जाणार, नोकऱ्या कोणाला मिळणार, हे गावात कोणालाच नीट माहीत नाही. हरी गावकऱ्यांच्या मोर्चाबरोबर होडीतून मुंबईला जातो, तेथेच मागे राहतो, एका खाणावळीत राबतो आणि शेजारच्या घड्याळजीकडून घड्याळदुरुस्ती शिकतो. गुप्तहेर जसा धागा धरून पुढे जातो, तसा हा मुलगा आपल्या गावाचे भवितव्य शोधत महानगरात शिरतो. त्याला सापडते ते उत्तर नव्हे; सापडते एक कसब आणि दिवाळीला घरी परतण्यापुरते बळ. थळचा कारखाना पुढे प्रत्यक्षात उभा राहिला, त्यामुळे आजचा वाचक ही कादंबरी एका वेगळ्याच जाणिवेने वाचतो.

येथे एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. डिसिल्वा कुटुंब लीलाच्या आईला अलिबागच्या इस्पितळात नेते आणि त्यातून घर सावरते. पाहुण्यांच्या सद्भावनेवर कथेचा इतका भार टाकणे हा या कादंबरीतील दुबळा सांधा आहे. ज्या व्यवस्थेचे चित्रण लेखिकेने इतक्या स्वच्छ नजरेने केले, तिची कोंडी तिने व्यक्तींच्या भलेपणाने फोडली. वास्तवात असे भले लोक असतात, यात शंका नाही. पण गावातल्या प्रत्येक झोपडीच्या वाट्याला एकेक डिसिल्वा येत नाही.

रस्किन बाँड यांच्या 'द ब्ल्यू अम्ब्रेला'मध्ये हा सांधा अधिक कसदार झाला आहे. गढवालच्या डोंगरातील बिन्या ही मुलगी मैदानी प्रदेशातून सहलीला आलेल्या लोकांकडून निळी छत्री मिळवते आणि बदल्यात गळ्यातील बिबट्याच्या नखांचा ताईत देते. पाहुणे येथेच कथेतून निघून जातात. मागे राहते ती त्यांनी आणलेली वस्तू आणि तिच्यामुळे गावात जागी झालेली हाव. दुकानदार राम भरोसे याला ती छत्री हवीशी होते. चोरीचा प्रयत्न करतो तो त्याच्या दुकानातील नोकर मुलगा. म्हणजे हात गरिबाचा आणि इच्छा मालकाची. पुढे गाव राम भरोसेला वाळीत टाकते आणि शेवटी बिन्याच त्याला छत्री देऊन टाकते. गुन्ह्याची उकल होते तेव्हा कथा संपत नाही, हे येथे विशेष. उकल झाल्यावर गावाने केलेली शिक्षा गुन्ह्यापेक्षा मोठी झाली आहे, हे एका मुलीला उमगते. विशाल भारद्वाज यांच्या याच कथेवरील चित्रपटात (२००५) तपासाचा भाग अधिक ठळक केला आहे. तरी कथेचे नैतिक केंद्र बिन्याच्या त्या देण्यातच राहते.

५

मराठी किशोर रहस्यकथेचा विचार भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्याशिवाय होऊ शकत नाही. त्यांचा बनेश उर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो. सडपातळ अंगाचा, सायकलवर स्वार, 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा हा नायक अनेक पिढ्यांचा सोबती झाला. त्याचे गाव आणि त्याचे शहर यांतील अंतर भागवतांनी मुद्दाम राखले आहे. तो शहरी सुखवस्तू मुलांच्या टोळीचा पुढारी म्हणून येत नाही. बाहेरून येतो आणि चपळाईने आपली जागा मिळवतो. बाबुराव अर्नाळकरांच्या प्रौढ रहस्यकथांतील नायकांचा दरारा त्याच्याजवळ नाही, आणि हेच त्याचे बळ आहे. या अर्थाने तो राजमपेक्षा केस्टनर यांच्या एमिलचा भाऊबंद ठरतो.

मात्र फेणे पुणे सोडून गुलमर्गसारख्या ठिकाणी जातो तेव्हा तोही पाहुणाच असतो, हे विसरता येत नाही. पाहुण्याच्या नजरेला गाव दिसते ते प्रवासापुरते. फुरसुंगीच्या पोराला पुण्यात जे अंतर जाणवत असेल, ते अंतर काश्मीरच्या घोडेवाल्याच्या पोराला या मराठी पाहुण्यांविषयी जाणवत असेल काय, असा प्रश्न आजच्या अभ्यासकाने विचारायला हरकत नाही. हा प्रश्न विचारल्याने भागवतांचे ऋण कमी होत नाही. त्यांनी निर्माण केलेल्या प्रकाराची पुढली शक्यता दिसू लागते.

ती शक्यता महाराष्ट्राच्या भूगोलातच आहे. माथेरानचे उदाहरण घ्या. १८५० साली ह्यू मॅलेट याने हे ठिकाण गोऱ्या साहेबांच्या नजरेस आणले, १९०७ साली लहान रुळांची गाडी वर पोचली, आणि मोटारींना मज्जाव असल्याने तेथील वाहतूक माणसांच्या व घोड्यांच्या पाठीवर चालत राहिली. माणसाने माणसाला हाताने ओढून न्यायच्या तेथील रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ साली द्यावा लागला. ज्या ठिकाणाला आपण शांत, धूरविरहित म्हणून वाखाणतो, त्या शांततेची किंमत कोणाच्या खांद्यांनी मोजली, हे या एका आदेशावरून कळते. अशा गावात बंगल्यातील एखादी अंगठी हरवावी आणि राखणदाराच्या मुलीने तिचा माग काढावा. तिला बंगल्याच्या दिवाणखान्यात बसायची परवानगी नसावी, पण प्रत्येक खोलीतील धूळ तिला ठाऊक असावी. अशा कथेतील शोध आपोआप निराळा होईल, कारण ती मुलगी एकाच वेळी शोधणारीही असेल आणि संशयितही.

हे केवळ कल्पनेत शक्य आहे असे नाही. दीपा अनप्परा यांच्या 'जिन पॅट्रोल ऑन द पर्पल लाइन' (२०२०) या इंग्रजी कादंबरीने ही दिशा दाखवली आहे. ती प्रौढांसाठी लिहिलेली, महानगराच्या कडेची कादंबरी आहे. पण तिचा गुप्तहेर जय हा नऊ वर्षांचा, वस्तीत राहणारा मुलगा आहे. दूरचित्रवाणीवरील पोलिसी मालिका पाहून तो तपासाला निघतो. वस्तीतील मुले नाहीशी होत आहेत आणि पोलिस ढिम्म आहेत. शेजारी उंच इमारती उभ्या आहेत. वाचक प्रारंभी जयच्या फुशारकीला हसतो. पुढे त्याची स्वतःची बहीण नाहीशी होते, तेव्हा ते हसू त्याच्याच घशात अडकते. स्वामी आणि त्याचे मित्र पोलिस झाल्याचा खेळ खेळले, कारण पोलिस त्यांचे होते. जय तोच खेळ खेळतो, कारण पोलिस त्याचे नाहीत. पंच्याऐंशी वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन कृती शेजारी ठेवल्या की प्रस्तुत प्रकाराचा सारा आवाका नजरेसमोर येतो. या कादंबरीला २०२१ साली रहस्यलेखनासाठीचे एडगर पारितोषिक मिळाले, हेही सूचक आहे : वर्गाचा प्रश्न कथेत घेतल्याने रहस्याची पकड सैल होते, हा समज त्यातून खोटा ठरतो.

किशोरवय हे न्यायाची कल्पना पक्की होण्याचे वय असते. त्या वयात वाचलेली रहस्यकथा मुलाला नकळत शिकवत असते की गैरकृत्य घडले असता आधी कोणाकडे पाहावे. बंगल्यातील चोरीच्या कथेत दहा वेळा माळ्याकडे बोट गेले आणि अकराव्या वेळी माळी निरपराध ठरला, तरी दहा वेळचा संस्कार पुसला जात नाही. म्हणून या प्रकाराला निरुपद्रवी करमणूक मानून समीक्षेच्या उंबऱ्याबाहेर ठेवणे परवडणारे नाही. नारायण यांच्या गाडीवान पोराने, देसाई यांच्या लीलाने आणि बाँड यांच्या बिन्याने आपल्याला एक मोजमाप दिले आहे. यापुढे हाती येणारी किशोर रहस्यकथा वाचताना 'गुन्हेगार कोण?' या प्रश्नाच्या जोडीने, तिच्या गावात सुट्टी कोणाला आहे आणि कामावर कोण आहे, हेही अभ्यासकाने पाहावे. उत्तम कथा या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आपल्या घडणीतच देते.